डाव्या पायाला कुलूप

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, बीपीची गोळी चालू आहे, घरचे म्हणतात जुनं उकरून काढू नका. पण लोक भेटले की मला खुनाच्या, दरोड्याच्या, जंगलातल्या चकमकीच्या गोष्टी विचारतात आणि मी दरवेळी चपलांची गोष्ट सांगतो. काही जण हसतात. हसा, पण आधी शेवटपर्यंत ऐका.

नाव कोणाचंच घेणार नाही. मी मूळचा सिंदेवाहीचा. नोकरीची शेवटची वर्षं गडचिरोली जिल्ह्यात गेली. मुलचेऱ्याच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. कोरोनाची दुसरी लाट आली आणि टाळेबंदी पुन्हा लागली, ते उन्हाळ्याचे दिवस.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. रोग खोटा नव्हता. आमच्या ठाण्याचे लेखनिक, ज्यांच्या अक्षरातली केस डायरी वाचून न्यायालयातले बाबूसुद्धा खूश व्हायचे, ते आठ दिवसांत गेले. त्यांच्या चितेपाशी त्यांचा मुलगा आणि मी, दोघंच उभे होतो. त्यामुळे टाळेबंदी नकोच होती असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. नाक्यावर विनाकारण फिरणाऱ्यांना मी उठाबशा काढायला लावल्या आहेत. माझं भांडण टाळेबंदीशी नाही, तिच्यातल्या यादीशी आहे.

यादी अशी होती. किराणा, औषध, दूध, भाजी, खत-बियाणं ही दुकानं चालू. कापड, भांडी, बांगड्या, चपला बंद. ही 'अत्यावश्यक नसलेली'. आठवडी बाजारही बंद. मात्र विड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडायला परवानगी होती आणि ती योग्यच होती, कारण आमच्या भागातल्या गावांना वर्षभरात रोख पैसा दिसतो तो याच पंधरवड्यात. म्हणजे पान अत्यावश्यक ठरलं. ते तोडायला जंगलात जाणारा पाय काही ठरला नाही.

ज्यांनी तेंदूचं जंगल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाच्या महिना-दीड महिना आधी ठेकेदार खुटकटाई करतो. म्हणजे तेंदूची झुडपं जमिनीलगत कापतो, त्यामुळे नवी कोवळी पानं फुटतात. पण कापलेले खुंट तसेच राहतात, तिरपे आणि टोकदार, वरून पाचोळ्यानं झाकलेले. बाया पहाटे तिथं शिरतात आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत वाकून पानं तोडतात. म्हणून आमच्याकडची रीत आहे, तेंदू सुरू होण्याआधीच्या शेवटच्या बाजारात घरातल्या प्रत्येक तोडणाऱ्या बाईला नवी रबरी चप्पल घ्यायची. जुनी तोवर झिजून कागद झालेली असते.

तो चपलांचा गाळा मीच सील केला होता. नगरपंचायतीची माणसं सोबत होती, पण लाख माझ्यासमोर ओतली गेली आणि कागदावर पहिली सही माझी आहे. गाळेवाला साठीचा माणूस, बौद्ध कुटुंबातला, वीस-बावीस वर्षांपासून त्याच गाळ्यात आणि आठवडी बाजारात चपला विकणारा. लहानथोर सगळे त्याला भाऊ म्हणत. मीही इथं भाऊच म्हणतो. शटर ओढताना तो हात जोडून म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं द्या. आतला थोडा माल काढून घेतो. तेंदू सुरू होऊन राह्यला, बाया येतील."

"आदेश म्हणजे आदेश, भाऊ. महिनाभर चप्पल नाही घेतली तर कोण मरतं?"

हे वाक्य माझंच आहे. ते मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळच्या हजेरीच्या वेळी, ठाण्याच्या फोनवर खबर आली. ठाणे अंमलदारानं नियमाप्रमाणे वेळ आणि समोर दिसणारा नंबर नोंदवहीत लिहिला आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडच्यानं नाव सांगितलं नाही.

"चप्पलवाला चोरून धंदा करून राह्यला, साहेब. गावोगाव माल जाऊन राह्यला. पोलीस झोपले काय?"

एवढं बोलून फोन ठेवला. अर्ध्या तासात तालुक्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा मला फोन. तीच तक्रार त्यांच्याकडेही पोचली होती. "दोन दिवसांत गुन्हा दाखल झाला पाहिजे," ते म्हणाले. "कलम एकशे अठ्ठ्याऐंशी लावा, साथरोगाचं लावा. मला तो कागद हवाय. गाळ्याचा करारच रद्द करायला लावतो. बाकीच्यांना धडा बसेल."

म्हणजे प्रश्न दंडाचा नव्हता. भाऊचा गाळा जाणार होता आणि गाळा गेला की साठीतला तो माणूस रस्त्यावर येणार होता. त्या क्षणी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, हेही कबूल करतो. सील माझं होतं आणि ते कोणी फोडलं असेल तर मला राग येणारच होता.

आधी गाळ्यावर गेलो. सील शाबूत, लाखेला चरा नाही, मागची भिंत पक्की, पत्रा उचकटलेला नाही. दोन पंच बोलावून तसा पंचनामा केला. मग भाऊच्या घराची झडती घेतली. मागच्या खोलीत पोती होती, सगळी रिकामी. माल कुठेच नाही. खुंटीला मात्र एक जुडी टांगलेली होती. बांबूच्या चाळीसेक काड्या, सगळ्या कमी-जास्त लांबीच्या आणि प्रत्येकीला लुगड्याच्या काठाची वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली.

माझी नोकरी अशा जिल्ह्यात गेली की झाडावर बांधलेली चिंधी दिसली तरी आम्ही सुरुंगाच्या भीतीनं चार पावलं मागं सरायचो. मी जुडी टेबलावर ठेवली आणि बीट हवालदाराला विचारलं, "हा काय प्रकार? कसली खूण आहे?"

हवालदार इथलाच, जंगलातल्या गावचा, निवृत्तीला टेकलेला. त्यानं एक काडी उचलली, तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "खूण नाई साहेब. हे पाय हायेत."

"पाय?"

"आमच्या इकडं ज्याले बाजारात याले जमत नाई ना, तो पायाच्या मापाची काडी धाडते. टाचेपासून अंगठ्यापावत. दुकानदार काडी लावून चप्पल देते. चिंधी काऊन, तर कोणाची काडी ते समजाले पाह्यजे."

म्हणजे खबर खरी होती. कुठल्यातरी गावच्या चाळीसेक बायांचे पाय भाऊच्या खुंटीला टांगलेले होते आणि पोती रिकामी होती. मी भाऊला ठाण्यात आणलं.

चौकशीत माझी एक पद्धत होती. मारहाण मला कधी जमली नाही आणि गरजही पडली नाही. चहा मागवायचा आणि गप्प बसायचं. मनात खोट असलेला माणूस ती शांतता सहन करू शकत नाही, काहीबाही बोलून भरून काढतो आणि त्यातच सापडतो. भाऊनं चहा शेवटच्या घोटापर्यंत घेतला, उठला, नळावर कप धुतला आणि जागेवर येऊन बसला. माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं.

"भाऊ, माल कुठं गेला?"

"मी इकला नाई, साहेब."

"काड्या सापडल्यात. पोती रिकामी आहेत. हवेत उडाला का माल?"

"मी इकला नाई."

"मग दिला कोणाला? गावाचं नाव सांग."

यावर तो एक अक्षर बोलला नाही. दोन तास मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. गाळा जाईल म्हणून सांगितलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गावाचं नाव आलं नाही. संध्याकाळी त्याला नोटीस देऊन घरी सोडलं आणि हवालदाराला म्हटलं, "उद्या उजाडायला तेंदूच्या वाटेवर जाऊ. चपला पायात असतील तर वाट सांगेल."

आम्ही गाडी अलीकडे लावून चालत गेलो. वाटेवर मे महिन्याची पिठासारखी धूळ होती. हवालदार खाली बसला. वाघाचं, अस्वलाचं, माणसाचं, पाऊल कोणतंही असो, हा गडी ते वाचायचा. बराच वेळ तो उठेना. मग डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, इथून चप्पल घालून सात-आठ बाया गेल्या. पन डावा पाय एकीलेबी नाई."

"सकाळी सकाळी घेतली काय रे?"

"तुमीच पाहा ना. हा उजवा. हा उजवा. हाबी उजवाच."

मी वाकून पाहिलं. नवा कोरा तळवा, नक्षी जशीच्या तशी उमटलेली आणि प्रत्येक ठसा उजव्या चपलेचा. एकतीस वर्षांच्या नोकरीत असला माग मी पाहिला नव्हता. उजवी, उजवी, उजवी, उजवी, अशी ती रांग जंगलात शिरत होती.

तेंदूपत्ता जिथं जमा करतात त्या जागेला आमच्याकडे फळी म्हणतात. फळीजवळच पन्नाशीची एक बाई पानांचा भारा टेकवून बसली होती. तोंडाला पदर घट्ट बांधलेला, नियमात चूक काढायला जागा नाही. पायात निळ्या पट्ट्याच्या दोन नव्या चपला, दोन्ही उजव्या. डाव्या पायाला पट्टा उलटा बसत होता आणि बोटांच्या बेचक्यात कातडी सोलून निघाली होती.

"काऊन बाई," मी विचारलं, "दोन्ही उजव्याच काऊन घातल्या?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पायातल्या बुटांवर तिची नजर जरा थांबली.

"मंग काय करू साहेब? डाव्याले तुमीच कुलूप लावून राह्यले ना."

मला समजेना. हवालदार मात्र तोंड फिरवून उभा राहिला, त्याला समजलं होतं. बाईनंच उलगडून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. भाऊ गाळ्यात फक्त डावी चप्पल ठेवतो. भिंतीला, दोरीला, फळकुटावर, सगळीकडे डावी. उजवी घरी पोत्यात. गिऱ्हाईक ठरलं की घरून जोडीदार आणतो. एका पायाच्या चपलेला चोर हात लावत नाही, म्हणून त्याची ही वीस वर्षांची पद्धत. मी चोर पकडण्यात आयुष्य घालवलं आणि चोरापासून वाचायचा हा साधा उपाय मला माहीत नव्हता. मी सील लावलं तेव्हा गावातल्या सगळ्या डाव्या चपला आत अडकल्या आणि उजव्या बाहेर राहिल्या.

"मी रेशनाले गेली तवा सगळ्याइच्या काड्या घेऊन गेली भाऊकडे," ती म्हणाली. "भाऊ म्हने, डावी तर देता येत नाई, बाई. दोन उजव्या घाला सध्या. सील निघालं का एक वापस करा आन् डावी घेऊन जा. पन एका बाईले दोन उजव्या लागल्या ना, साहेब. अर्ध्याच बायाइले पुरल्या. माह्या सुनेची काडी होती, तिच्या मापाची सरली."

"सून कुठं आहे?"

"घरी. परवा खुंट घुसला पायात. अनवानीच होती. हा असा, आरपार." तिनं बोटानं दाखवलं. "दवाखान्यात गेलो तं तिथी सगळे कोरोनाचेच. म्हनले, बाहेर बसा. सांजवरी बसलो. मंग पट्टी बांधून देल्ली. आता पाय फुगून राह्यला."

ती थांबली नाही. "तुमाले पान पाह्यजे, आमचा पाय नाई पाह्यजे. कोनं ठरवलं हे? ज्यानं ठरवलं त्याले एक दिवस अनवानी पाठवा ना साहेब इथी. मंग पाहू चप्पल लागते का नाई लागते."

हवालदारानं मला हळूच विचारलं, जबाब लिहून घ्यायचा का. मी म्हटलं, शब्दन् शब्द लिही. मग आमच्या गाडीतून तिच्या सुनेला ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि डॉक्टर जखम उघडून बघेपर्यंत मी दारात उभा राहिलो. वर्दी होती म्हणून तिला बाहेर बसावं लागलं नाही. याची मला तेव्हा लाज वाटली आणि आजही वाटते.

दुपारी भाऊला पुन्हा बोलावलं. "मला कळलं सगळं," मी म्हटलं. "काल का नाही बोललास?"

"गावाचं नाव सांगतलं असतं तं तुमी बायाइवर केस केली असती, साहेब. त्याइचं तेंदूचं काम गेलं असतं. माह्यं काय, एकच गाळा गेला असता."

"आणि विकला नाही म्हणत होतास ते?"

"खोटं नाई बोललो. एक पाय कधी इकल्या जाते काय? जोडी पुरी झाल्याबिगर मी हात नाई लावत पैशाले."

मग जरा घुटमळून तो म्हणाला, "साहेब, एक सांगू? किराण्यात जाऊन पाहा. तिथी दोन्ही पाय भेटते."

त्याच्या गाळ्याला लागून तालुक्यातलं सगळ्यात मोठं किराणा दुकान होतं. अत्यावश्यक, त्यामुळे दुपारी दोनपर्यंत उघडं. मी साध्या कपड्यातल्या एका शिपायाला मिठाचा पुडा आणायला पाठवलं आणि सांगितलं, चप्पलही माग. वीस मिनिटांत तो मीठ आणि चप्पल घेऊन आला. तूरडाळीच्या पोत्यांमागे चपलांचा ढीग होता म्हणे, डावी-उजवी दोन्ही, भाव बाजारच्या दुप्पट. मिठाच्या पिशवीवर घरपोच सेवेचा मोबाइल नंबर छापलेला होता. का कोण जाणे, मला तो ओळखीचा वाटला. फोनची नोंदवही उघडली. खबर देणाऱ्याचा नंबर तोच. पोलीस झोपले काय विचारणारा गृहस्थ तूरडाळीच्या आडून चपला विकत होता आणि शेजारचा गाळा रिकामा झाला तर त्याच्या गोदामाला भिंत पाडून जोडता येणार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या हातानं द्यायला निघालो होतो.

मी त्याच्या दुकानात गेलो. घाबरला नाही. उलट म्हणाला, "माह्यं दुकान अत्यावश्यक हाये, साहेब. आदेश पाहून घ्या."

"दुकान असेल," मी म्हटलं. "तू नाहीस."

पण कायद्यानं त्याचं चुकलं होतं का? हाच तर खरा राग आहे माझा. मी त्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "किराणा अत्यावश्यक आहे. आत तो काय विकतो ते आपण बघायचं कारण नाही. तुम्ही चप्पलवाल्याचं काय ते संपवा. कशाला चपलांचं एवढं घेऊन बसलात? पायातली वहाण पायातच बरी."

ही म्हण कोणत्या माणसांसाठी वापरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आवाज न चढवता मी म्हटलं, "साहेब, पायात असती तर बरंच झालं असतं. ती तुमच्या कुलपात आहे."

त्यांनी फोन ठेवला. मग मी एक पत्र लिहिलं आणि शिपायाबरोबर त्यांच्याकडे पोच घेऊन दिलं. पत्र लहान होतं. चप्पल ही वस्तू अत्यावश्यक आहे की नाही, याचा लेखी खुलासा मिळावा. नसेल तर किराणा दुकानावरही आजच गुन्हा नोंदवतो. असेल तर गाळ्याचं सील काढतो. एकच चप्पल एका दारात गरज आणि शेजारच्या दारात गुन्हा, असं मी माझ्या हद्दीत चालू देणार नाही. उत्तर उद्या सकाळी अकरापर्यंत मिळावं.

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. तोंडी दमदाटी करणारे लेखी मागितलं की गावाला जातात. मी अकरा वाजून पाच मिनिटांनी स्टेशन डायरीत नोंद केली: 'लेखी खुलासा अप्राप्त. सील तपासले, शाबूत. विक्री झाल्याचा पुरावा नाही. तेंदू मजुरांना इजा होत असल्याने माझ्या जबाबदारीवर सील उघडत आहे.' खाली सही केली, शिक्का मारला. ठाणे अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. कशाला?" मी म्हटलं, "म्हणूनच."

पंचांसमोर लाख फोडली. शटर वर गेलं. भिंतभर डाव्या चपला टांगलेल्या होत्या, लहान, मोठ्या, निळ्या, तांबड्या. भाऊ दारातच उभा राहिला. आत येईना. मी म्हटलं, "ये की, तुझंच दुकान आहे." तेव्हा त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि काड्यांची जुडी मागितली. ती मुद्देमालात जमा होती. पावती करून परत दिली.

गर्दी होऊ द्यायची नव्हती, कारण रोग काही कुठं गेला नव्हता. म्हणून बायांना गावात बोलावलंच नाही. डाव्या चपला पोत्यांत भरून पोलीस गाडीतून फळीवर नेल्या. चुन्याचे गोल आखले, एका गोलात एक बाई, प्रत्येकीच्या हातावर सॅनिटायझर. भाऊ काडी लावी, एक उजवी परत घेई आणि डावी देई. परत आलेल्या उजव्या दुसऱ्या डाव्यांना लागत गेल्या आणि बघता बघता राहिलेल्या अर्ध्या बायांच्याही जोड्या पुऱ्या झाल्या. तासाभरात सगळं उरकलं. बँकेच्या दारात रोज होत होती त्याच्या पावपट गर्दीसुद्धा झाली नाही. हे पहिल्या दिवशी करता आलं असतं, पाच मिनिटं दिली असती तर.

निघताना हवालदार वाटेवर वाकला आणि हसत म्हणाला, "आला साहेब, डावा पाय आला."

आठवड्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली. आरोप दोन. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय सील उघडलं आणि शासकीय वाहनातून अत्यावश्यक नसलेल्या वस्तूंची वाहतूक केली. उत्तरात मी लिहिलं, दोन्ही आरोप मान्य आहेत, फक्त 'अत्यावश्यक नसलेल्या' हे शब्द मान्य नाहीत. सोबत त्या बाईच्या जबाबाची प्रत जोडली. सुनावणीत वरिष्ठांनी जबाब वाचला आणि सुनावणी तिथंच संपवली. पण फाइल चालू झाली की ती कुठंतरी पोचावीच लागते. मला ताकीद मिळाली. गुन्हाच नोंदवला गेला नाही म्हणून गाळ्याचा करार टिकला. किराणावाल्यानं चपलांचा ढीग दुसऱ्या दिवशीच हलवला. त्याच्या अंगाला ओरखडाही आला नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, संकटात बंधनं घालावीच लागतात. पण कोणाला काय लागतं ते खुर्चीत बसलेल्यानं एकट्यानं ठरवू नये, कारण त्याच्या पायात बूट असतात. बंद करायची ती गर्दी, गरज नव्हे. आणि नियम कडक असला तरी लोक सोसतात. शेजारच्या दारात तो वाकतो हे दिसलं, की मात्र माणसं पोलिसाकडे बघून हसतात. तो दोष त्या माणसांचा नसतो.

निवृत्तीच्या वेळी कार्यालयातल्या एका भल्या माणसानं सुचवलं, "साहेब, अर्ज करा. इतकी स्वच्छ नोकरी, सेवापुस्तकातला हा एकच शेरा काढून टाकता येईल." मी अर्ज केला नाही. मागच्या वर्षी त्या गावच्या बाजारात गेलो होतो. भाऊच्या गाळ्यासमोर ती सून उभी होती, नव्या चपलांची जोडी हातात घेऊन. मला ओळखून तिनं मान हलवली आणि चालू लागली. डावा पाय टेकताना ती अजून लंगडते. माझा शेरा एका अर्जानं निघेल, तिचा कोणाकडे अर्ज केल्यानं निघणार आहे? तोवर माझाही राहू द्या.